शाळेत समलैंगिकतेबद्दल बोलण्यावर बंदी घालणारे कायदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे बरेचसे प्रश्न फ्लोरिडातल्या मराठी पालकांचे आहेत, काही अमेरिकेतल्या इतर राज्यांतल्या आणि इंग्लंडमधल्या कुटुंबांचे, तर काही महाराष्ट्रात बसून बातम्या वाचणाऱ्यांचे. फ्लोरिडाला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या अनेक राज्यांनी त्याच कायद्याकडे बघून आपले मसुदे तयार केले. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्यक्ष तक्रार किंवा खटला करायचा असेल तर त्या राज्यातल्या वकिलाशी बोलूनच पुढे जा.

१. "डोन्ट से गे" म्हणतात तो कायदा नेमका काय आहे? त्यात खरंच तसं लिहिलंय का?

नाही. हे नाव विरोधकांनी दिलं. कायद्याचं अधिकृत नाव "पॅरेंटल राइट्स इन एज्युकेशन", म्हणजे शिक्षणातले पालकांचे हक्क. विधेयकाचा क्रमांक एचबी १५५७. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी त्यावर २८ मार्च २०२२ रोजी सही केली आणि १ जुलै २०२२ पासून तो लागू झाला. "गे" हा शब्द त्यात कुठेही नाही. वाद ज्या एका वाक्यावरून झाला त्याचा आशय असा: किंडरगार्टन ते तिसरीच्या वर्गात शाळेच्या कर्मचाऱ्यांनी किंवा बाहेरच्या व्यक्तींनी लैंगिक कल (कुणाबद्दल आकर्षण वाटतं) आणि लिंगओळख (आपण स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो) या विषयांवर वर्गात शिकवायचं नाही, त्यापुढच्या इयत्तांतही वयाला साजेसं नसेल अशा पद्धतीने शिकवायचं नाही.

कायद्याचे बाकीचे भाग पालकांना माहिती देण्याबद्दल (प्रश्न १२) आणि तक्रारीबद्दल (प्रश्न ८) आहेत. बातम्यांत ते क्वचितच येतात, पण रोजच्या व्यवहारात पालकांचा संबंध त्यांच्याशीच जास्त येतो.

२. कुठे तिसरीपर्यंत वाचतो, कुठे आठवी, कुठे बारावी. खरं काय?

तिन्ही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या तारखांचं. २०२२ च्या मूळ कायद्यात पूर्ण बंदी तिसरीपर्यंत होती. १९ एप्रिल २०२३ रोजी स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशनने शिक्षकांच्या आचारसंहितेचा नियम बदलून ती चौथी ते बारावीलाही लावली. सूट दोनच ठिकाणी ठेवली: राज्याच्या अभ्यासक्रमातच तो भाग असेल तर, किंवा पालकांना मूल वगळता येतं अशा प्रजनन-आरोग्याच्या तासात. त्यानंतर १७ मे २०२३ रोजी एचबी १०६९ वर सही झाली आणि १ जुलै २०२३ पासून प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) ते आठवीची बंदी थेट कायद्यात आली. तिथेही एचआयव्ही-एड्स आणि आरोग्यशिक्षणाच्या ठराविक कलमांपुरता अपवाद आहे.

कायदा मोडला तर तक्रार स्कूल डिस्ट्रिक्टविरुद्ध, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेविरुद्ध, होते. आचारसंहितेचा नियम मोडला तर थेट शिक्षकाच्या परवान्यावर गदा येऊ शकते. शिक्षक या नियमाला जास्त घाबरतात ते यामुळेच.

३. "वर्गात शिकवणं" म्हणजे काय? मुलाने प्रश्न विचारला आणि बाईंनी उत्तर दिलं तर तेही शिकवणं झालं का?

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. एचबी १५५७ च्या कलमात "क्लासरूम इन्स्ट्रक्शन" असे शब्द आहेत, पण त्याच विधेयकाच्या प्रस्तावनेत "क्लासरूम डिस्कशन", म्हणजे चर्चा, असं लिहिलं होतं. व्याख्या दोन्हींची नव्हती. पहिली दोन वर्षं प्रत्येक डिस्ट्रिक्टने आपापला अर्थ लावला. नोकरी धोक्यात घालायची कुणाची तयारी नसल्याने तो अर्थ बहुतेक वेळा गरजेपेक्षा कडकच निघाला.

मार्च २०२४ मध्ये "इक्वॅलिटी फ्लोरिडा" या संस्थेने आणि काही कुटुंबांनी केलेल्या खटल्यात राज्यासोबत तडजोड झाली. त्यात राज्याने स्वतः लिहून दिलं की बंदी फक्त या विषयांवरच्या अध्यापनाला आहे, म्हणजे शिक्षकाने धडा म्हणून तो विषय शिकवण्याला. नुसत्या उल्लेखाला बंदी नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं चालतं. विद्यार्थी आपल्या कुटुंबाबद्दल किंवा स्वतःबद्दल बोलू शकतात, निबंधात लिहू शकतात. शिक्षिकेने टेबलावर आपल्या जोडीदार स्त्रीचा फोटो ठेवला तरी हरकत नाही. वाङ्मयातले संदर्भ, समलैंगिक विद्यार्थ्यांना त्रास देणाऱ्यांना रोखणं, शाळेतला विद्यार्थ्यांचा गे-स्ट्रेट अलायन्स क्लब, शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात दोन मुलांनी जोडीने जाणं, यातलं काहीच कायद्याच्या कक्षेत येत नाही.

एक साधी परीक्षा लावून बघा. गणिताच्या उदाहरणात "मीराच्या दोन्ही आयांनी प्रत्येकी ६ सफरचंदं आणली" असं वाक्य आलं, तर धडा गुणाकाराचा आहे. त्याच तासात शिक्षकाने थांबून "लैंगिक कल म्हणजे काय" हे फळ्यावर समजावायला घेतलं, तर तो आठवीपर्यंतच्या वर्गात बंदी असलेला धडा झाला.

४. मग त्या तडजोडीने कायदा रद्द झाला का?

नाही. कायदा जसाच्या तसा आहे, बंदीच्या इयत्ताही त्याच आहेत. बदलला तो फक्त अर्थ, आणि तो अर्थ राज्यावर बंधनकारक आहे. तडजोडीतलं स्पष्टीकरण सगळ्या ६७ डिस्ट्रिक्टना पाठवणं स्टेट बोर्डावर बंधनकारक होतं. तरीही आजही काही शाळांमध्ये २०२२ चाच अर्थ चालतो, कारण मधल्या काळात छापलेल्या सूचना कपाटातून काढून टाकायला कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या शाळेत तसं दिसलं तर काय करायचं ते प्रश्न ६ मध्ये आहे.

५. हा कायदा फक्त समलैंगिकतेवर आहे, की स्त्री-पुरुष संबंधांवरही?

शब्द "लैंगिक कल" असा आहे आणि तो कल कुठलाही असू शकतो. राज्याने तडजोडीत हेही मान्य केलं आहे: विषमलिंगी कलावर धडा घेणंही तितकंच निषिद्ध. म्हणजे मुख्याध्यापकांनी "आई-बाबा" हा शब्द चालू ठेवायचा आणि "दोन बाबा" म्हणणाऱ्या मुलाला गप्प करायचं, याला कायद्याचा आधार नाही. मात्र फ्लोरिडाच्याच आरोग्यशिक्षणाच्या वेगळ्या कलमानुसार एकपत्नी विषमलिंगी विवाहाचे फायदे शिकवणं अपेक्षित आहे. कागदावरची समानता तिथे संपते, आणि हे पालकांना स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

६. मुलीच्या वर्गात दोन आया असलेली एक मुलगी आहे. "माझं कुटुंब" चित्रांच्या दिवशी तिचं चित्र भिंतीवर लावलं नाही. हे कायद्यानेच आहे का?

कायद्याने नाही. मुलीने काढलेलं चित्र हे शिक्षकाने शिकवणं नव्हे (प्रश्न ३). भीतीपोटी झालेली ही जादाची बंदी आहे, आणि तिचा मार सहा-सात वर्षांच्या मुलीवर पडतो. बाकीच्या २० मुलांची चित्रं भिंतीवर आणि एकीचं ड्रॉवरमध्ये असेल, तर तिला जे कळायचं ते कळतं. ते कळायला कायदा वाचता यावा लागत नाही.

तुमची मुलगी त्या वर्गात असेल तर तुम्हीही विचारू शकता, त्यासाठी ते चित्र तुमच्या मुलीचं असायला हवं असं नाही. आधी शिक्षकांना ईमेल करा. तारीख, वर्ग, उपक्रमाचं नाव आणि नेमकं काय झालं ते लिहा. मग विचारा: हा निर्णय कोणत्या लेखी सूचनेवरून घेतला? ती सूचना मार्च २०२४ च्या तडजोडीनंतरची आहे का? तिची प्रत मिळेल का? शिक्षकांवर आरोप नको, बहुतेकदा त्यांनाही वरूनच सांगितलेलं असतं. आठवड्यात उत्तर आलं नाही तर तोच ईमेल प्रिन्सिपलना पाठवा, नंतर डिस्ट्रिक्टला. तोंडी बोलणं झालं तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" अशी दोन ओळींची नोंद ईमेलने पाठवून ठेवा. लेखी विचारलं की अशा बऱ्याच बंदी मागे घेतल्या जातात, कारण त्यांना आधार देणारा कागद कुणाकडे सापडत नाही.

आणि त्या मुलीच्या पालकांना विचारल्याशिवाय तिचं नाव ईमेलमध्ये घालू नका.

७. दिवाळीला वर्गात गोष्ट सांगायला बोलावलंय. शिखंडी, बृहन्नडा, मोहिनी, अर्धनारीश्वर यातलं काही सांगितलं तर अडचण येईल का?

कायद्यात "बाहेरच्या व्यक्ती" हे शब्द आहेत, त्यामुळे पाहुणे पालकही त्यात येतात. प्रश्न रास्त आहे. पण महाभारतातली गोष्ट सांगणं हा वाङ्मयीन संदर्भ आहे. अर्जुनाने विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवलं, हे अज्ञातवासाच्या कथेचा भाग म्हणून सांगायला काहीच हरकत नाही. कथा संपवून "लिंगओळख म्हणजे काय" यावर मुलांशी वेगळं सत्र घेतलंत तर मात्र तो बंदी असलेला धडा होईल.

कोणती गोष्ट सांगणार आहात ते शिक्षकांना दोन दिवस आधी एका ओळीत कळवा. त्यांना त्यांच्या वरच्यांना विचारायला वेळ मिळतो आणि ऐनवेळी तोंडघशी पडायची पाळी कुणावर येत नाही.

मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेबद्दलही विचारणा होते. ती खासगी आहे. सरकारी शाळेची खोली भाड्याने घेतली असली तरी तिथला अभ्यासक्रम सरकारी शाळेचा नाही, म्हणून हा कायदा तिला लागत नाही. खासगी शाळांनाही लागत नाही. चार्टर शाळांना (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) मात्र प्री-के ते आठवीची बंदी लागू आहे.

८. आम्हाला वाटतं की शिक्षकांनी खरोखरच मर्यादा ओलांडली. तक्रार कशी करायची?

कायद्याने क्रम आखून दिला आहे. तो चुकला तर तक्रार तिथेच अडकते.

सुरुवात प्रिन्सिपलना लेखी कळवून करायची. शाळेने ७ दिवसांत प्रश्न सोडवायचा आहे. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, म्हणजे शनिवार-रविवारही धरले जातात. तरीही प्रश्न सुटला नाही असं कळवल्यापासून ३० दिवसांत डिस्ट्रिक्टने एक तर तोडगा काढायचा किंवा का काढत नाही याची कारणं द्यायची.

त्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे स्पेशल मॅजिस्ट्रेट नेमण्याची मागणी. हा मॅजिस्ट्रेट फ्लोरिडा बारचा, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संघटनेचा, सदस्य असावा लागतो आणि प्रशासकीय कायद्यातला किमान ५ वर्षांचा अनुभव त्याच्याकडे असावा लागतो. मागणी आल्यापासून ३० दिवसांत तो आपली शिफारस स्टेट बोर्डाला देतो. खर्च डिस्ट्रिक्टचा. दुसरी वाट कोर्टाची. पालक जिंकले तर वकिलाची वाजवी फी आणि कोर्टखर्च डिस्ट्रिक्टने द्यायचा असतो, शिवाय कोर्ट नुकसानभरपाईही देऊ शकतं.

तक्रारी फसतात त्या बहुतेक पुराव्याअभावी. "मुलगा घरी येऊन म्हणाला की टीचर गेबद्दल बोलल्या" एवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण बोलणं आणि शिकवणं वेगळं (प्रश्न ३). कोणत्या तासाला, कोणत्या साहित्यावरून, किती वेळ आणि कोणत्या उद्देशाने, हे आधी शिक्षकांना शांतपणे विचारा. निम्म्या वेळा असं निघतं की दुसऱ्या मुलाने प्रश्न विचारला होता आणि उत्तर एका वाक्याचं होतं.

९. आम्ही एच-१बी वर आहोत, नागरिक नाही. हे हक्क आम्हाला आहेत का? आजी-आजोबा तक्रार करू शकतात का?

कायदा "पालक" म्हणतो. नागरिकत्वाची अट त्यात नाही. फ्लोरिडाच्या शिक्षण कायद्यातल्या पालकाच्या व्याख्येत आई-वडील, कायदेशीर पालक आणि आई-वडिलांच्या जागी मुलाची देखरेख करणारी व्यक्ती येते. सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले आजी-आजोबा त्यात बसत नाहीत, कारण देखरेख आई-वडिलांचीच असते. पत्र तुमच्या सहीने जाऊ द्या. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायला मात्र नागरिकत्व लागतं.

१०. मुलीचं नाव ज्ञानेश्वरी आहे, शाळेत सगळे "डॅनी" म्हणायचे. आता शाळा फॉर्म मागते आहे. याचा या कायद्याशी काय संबंध?

थेट नाही, पण उगम तोच. २०२३ मध्ये स्टेट बोर्डाने नियम केला की मुलाला कायदेशीर नावापेक्षा वेगळ्या नावाने हाक मारायची असेल तर पालकांची लेखी परवानगी हवी. उद्देश पारलिंगी (ट्रान्सजेंडर) विद्यार्थ्यांनी पालकांना न कळवता नाव बदलण्याला आळा घालणं हा होता. नियम मात्र सगळ्यांनाच लागला: रॉबर्टचा बॉब झाला तरी फॉर्म, आणि उच्चाराला अवघड म्हणून ज्ञानेश्वरीची डॅनी झाली तरी फॉर्म.

डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर तो फॉर्म मिळतो. एकापेक्षा जास्त हाकेची नावं असतील तर सगळी लिहा. नाव पासपोर्टवर जसं आहे त्याच स्पेलिंगने लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधल्या नावात येतं आणि शाळेच्या नोंदीत ते कधी पहिल्या नावाला चिकटलेलं असतं. ती चूक याच वेळी दुरुस्त करून घ्या, नाहीतर फॉर्मवरचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळत नाही म्हणून कागद परत येतो.

११. मुलाला लैंगिक शिक्षणाच्या तासातून वगळायचं आहे. आणि उलट, वगळायचं नसेल तर?

फ्लोरिडात प्रजनन-आरोग्य आणि एचआयव्हीसह रोगांविषयीच्या शिक्षणातून मुलाला वगळण्यासाठी पालकांचा लेखी अर्ज पुरतो. कारण द्यावं लागत नाही, गुणांवर परिणाम होता कामा नये. अर्ज आणि त्याची माहिती डिस्ट्रिक्टने वेबसाइटच्या मुख्य पानावर ठेवायची असते. वर्षाच्या सुरुवातीलाच द्या, धडा झाल्यावर दिलेला अर्ज काही कामाचा नाही.

वगळायचं नसेल तर काहीच करू नका. फक्त एक लक्षात घ्या: या तासात वापरायचं साहित्य आता राज्याने मंजूर केलेलंच असावं लागतं, आणि त्यात समलैंगिक मुलांच्या उपयोगाचं फारच थोडं आहे. ती माहिती त्यांना घरून किंवा डॉक्टरांकडून मिळावी लागेल.

१२. मुलाने काउन्सेलरला सांगितलं की तो गे आहे. शाळा आम्हाला कळवेल का?

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो, पालकांकडून आणि मुलांकडूनही. एचबी १५५७ नुसार मुलाच्या मानसिक, भावनिक किंवा शारीरिक आरोग्यात किंवा त्यासाठी लागणाऱ्या मदतीत बदल झाला तर शाळेने पालकांपासून तो लपवण्याची पद्धत ठेवायची नाही. अपवाद: सांगितल्याने मुलाला मारहाण, छळ किंवा घरातून हाकलून देण्यासारखा धोका होईल असं सुज्ञ माणसाला वाटण्यासारखी परिस्थिती असेल, तर शाळा माहिती रोखून ठेवू शकते.

"मी गे आहे" हे सांगणं म्हणजे आरोग्यातला बदल नव्हे. पण त्यासोबत झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, जीव द्यावासा वाटतो असं काही असेल तर कळवलं जाण्याची शक्यता मोठी आहे. काउन्सेलरशी बोलण्याआधी "तुम्ही घरी काय सांगता?" हे विचारण्याचा मुलाला पूर्ण अधिकार आहे.

पालकांसाठी एकच विनंती. शाळेकडून फोन आला तर त्या संध्याकाळी चौकशी करू नका, जेवायला वाढा आणि शेजारी बसा. "लोक काय म्हणतील" हे वाक्य त्या दिवशी घरात उच्चारलं जाऊ नये. मुलाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर अमेरिकेत ९८८ हा हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो. समलैंगिक तरुणांसाठी तिथे असलेला ३ दाबण्याचा वेगळा पर्याय जुलै २०२५ मध्ये बंद झाला, मुख्य सेवा सुरू आहे. खास या मुलांसाठी "ट्रेव्हर प्रोजेक्ट" ही संस्था स्वतंत्र हेल्पलाइन चालवते.

१३. शिक्षकांनी स्वतःबद्दल "ही" की "तो" सांगायचं नाही, हा काय नियम आहे?

तो एचबी १०६९ मधला आहे. सरकारी शाळेतल्या कर्मचाऱ्याने आपल्या जन्मजात लिंगाशी न जुळणारं सर्वनाम किंवा "मिस"-"मिस्टर" अशी उपाधी विद्यार्थ्यांना सांगायची नाही. दुसऱ्याचं असं सर्वनाम वापरण्याची सक्ती कुणावरही, विद्यार्थ्यांवरसुद्धा, करता येत नाही. एका पारलिंगी शिक्षिकेच्या बाजूने फेडरल कोर्टाने २०२४ मध्ये हा नियम तिला लावण्यास अंतरिम मनाई दिली होती. जुलै २०२५ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ती उठवली.

१४. लायब्ररीतली पुस्तकं का काढली जातात? तीही याच कायद्याने का?

नाही, आणि ही गल्लत डिस्ट्रिक्टनीही केली. दोन नर पेंग्विन एक पिल्लू वाढवतात अशी गोष्ट असलेलं चित्रांचं पुस्तक लेक काउंटीने याच कायद्याचा हवाला देऊन काढलं होतं. कायदा लायब्ररीला लागू नाही हे राज्याने स्पष्ट केल्यावर ते परत ठेवलं.

पुस्तकांचा रस्ता एचबी १०६९ मधला वेगळा आहे. पुस्तकात लैंगिक क्रियांचं वर्णन आहे असा आक्षेप आला की ५ शालेय दिवसांत ते बाजूला काढायचं आणि निकाल लागेपर्यंत बंद ठेवायचं. आक्षेप घेणाऱ्याला काहीच खर्च नाही, पण वाचणाऱ्या मुलांना थांबावं लागतं. म्हणून २०२४ मध्ये ज्यांची मुलं त्या डिस्ट्रिक्टमध्ये नाहीत अशा रहिवाशांवर महिन्याला एक आक्षेप अशी मर्यादा घातली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑरलँडोतल्या फेडरल न्यायाधीशांनी "लैंगिक वर्तनाचं वर्णन" हा निकष अतिव्यापक आणि घटनाबाह्य ठरवला.

फक्त तुमच्या मुलाने एखादं पुस्तक वाचू नये असं वाटत असेल तर आक्षेप घेण्याची गरजच नाही. लायब्ररीत स्वतःच्या मुलापुरती मर्यादा घालण्याची सोय डिस्ट्रिक्टने ठेवायची असते. तुमचा हेतू साध्य होतो आणि दुसऱ्याच्या मुलाचं पुस्तक जात नाही.

१५. आमची बदली दुसऱ्या राज्यात होते आहे. तिथे काय?

राज्य बदललं की सगळंच बदलतं. अलाबामात २०२२ चा कायदा पाचवीपर्यंत आहे, नॉर्थ कॅरोलिनात (२०२३) चौथीपर्यंत, इंडियानात (२०२३) तिसरीपर्यंत. लुइझियानाने २०२४ मध्ये बारावीपर्यंत बंदी घातली आणि शिक्षकाने स्वतःच्या लैंगिक कलाबद्दल बोलण्यालाही ती लावली. टेक्सासचा एसबी १२ हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. बंदी बारावीपर्यंत आहेच, शिवाय लैंगिक कल किंवा लिंगओळख यावर आधारलेले विद्यार्थी-क्लबही बंद. म्हणजे फ्लोरिडात चालतो तो क्लब डॅलसच्या सरकारी शाळेत चालत नाही. या कायद्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे.

न्यू जर्सीत, एडिसन आणि आसपास, परिस्थिती उलटी आहे. २०१९ च्या कायद्याने मिडल आणि हायस्कूलच्या अभ्यासक्रमात समलैंगिक, पारलिंगी आणि अपंग व्यक्तींचं योगदान शिकवणं बंधनकारक केलं. कॅलिफोर्नियात तसा कायदा २०१२ पासून, इलिनॉयमध्ये २०२० पासून आहे. न्यू जर्सीत आरोग्य आणि लैंगिक शिक्षणाचा जो भाग तुमच्या श्रद्धेशी विसंगत असेल त्यातून मूल वगळता येतं, इतिहासाच्या धड्यातून या तरतुदीने वगळता येत नाही.

१६. सुप्रीम कोर्टाने समलैंगिक पात्रांच्या पुस्तकांवर बंदी घातली असं मेरीलँडच्या बातमीत होतं?

बंदी नाही. "महमूद विरुद्ध टेलर" हा निकाल २७ जून २०२५ चा, ६ विरुद्ध ३ मतांनी. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीने लहान वर्गांत समलैंगिक पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं आणली, आधी पालकांना मूल वगळण्याची मुभा दिली आणि मार्च २०२३ मध्ये ती काढून घेतली. मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं की खटला चालू असेपर्यंत अशी पुस्तकं वापरण्याआधी पालकांना कळवा आणि मूल बाहेर ठेवू द्या.

आधार धर्मस्वातंत्र्याचा आहे, त्यामुळे हिंदू, जैन, बौद्ध पालकही तो मागू शकतात. पण श्रद्धा प्रामाणिक असावी लागते, नुसती नापसंती पुरत नाही. वगळता येतं ते फक्त स्वतःच्या मुलाला. पुस्तक वर्गातच राहतं.

१७. इंग्लंडमध्येही असा कायदा होता ना? आता काय आहे?

होता. सेक्शन २८, म्हणजे १९८८ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टमधलं कलम, २४ मे १९८८ पासून लागू झालं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा "प्रसार" करू नये असं ते म्हणत होतं. स्कॉटलंडने ते २००० मध्ये रद्द केलं, इंग्लंड आणि वेल्समध्ये ते नोव्हेंबर २००३ मध्ये गेलं. त्याखाली एकाही व्यक्तीवर खटला चालला नाही, आणि मूळ बंधन शाळांवर नव्हे तर स्थानिक संस्थांवर होतं. तरी पंधरा वर्षं शिक्षक समलैंगिक मुलांना होणारा त्रास बघूनही गप्प राहिले, कारण काय चालतं ते कुणी सांगत नव्हतं. फ्लोरिडात २०२२ ते २०२४ मध्ये जे झालं त्याचा हा मोठा नमुना.

आता इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळेत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे आणि त्यातून मूल वगळता येत नाही. लैंगिक शिक्षणातून वगळण्याची विनंती करता येते. माध्यमिक शाळेत मूल १६ वर्षांचं होण्याआधीच्या तीन सत्रांपासून त्याचं स्वतःचं म्हणणं ग्राह्य धरतात. वेल्समध्ये २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात वगळण्याचा हक्कच नाही.

१८. मुलगा एमबीबीएसला रशियात किंवा जॉर्जियात आहे. त्याला याचा काही त्रास होईल का?

तिथला मामला शाळेपुरता राहिलेला नाही. रशियाचा २०१३ चा कायदा अल्पवयीनांपुढच्या "प्रचारा"बद्दल होता, डिसेंबर २०२२ मध्ये तो सर्व वयांना लागू झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने "आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ" अतिरेकी ठरवली. परदेशी नागरिकाला दंड, अटक आणि देशाबाहेर काढणं या शिक्षा होऊ शकतात. इंद्रधनुष्याचं चिन्ह सोशल मीडियावर किंवा बॅगेवर असेल तर जाण्यापूर्वी काढून टाका. जॉर्जियाचा कायदा २०२४ चा आहे, त्यात शाळा, प्रसारमाध्यमं आणि सभा यांवर निर्बंध आहेत.

१९. भारतात किंवा महाराष्ट्रात वर्गात या विषयावर बोलायला बंदी आहे का?

असा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेजसिंग जोहर निकालाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. पण बंदी नसणं म्हणजे शिकवलं जातं असं नाही. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षणच आमदारांच्या विरोधामुळे थांबवलं गेलं होतं. २०२१ मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका विरोध होताच काही दिवसांत वेबसाइटवरून उतरवली. दुसरीकडे, त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांत शिक्षक आणि पालकांचं प्रबोधन करण्याच्या सूचना दिल्या.

इथल्या शिक्षकाला वर्गात मुलाच्या प्रश्नाचं वयाला साजेसं उत्तर द्यायला कायद्याची आडकाठी नाही. मुख्याध्यापक "वरून मनाई आहे" म्हणाले तर परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख विचारा. पारलिंगी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १३ सरकारी आणि सरकारमान्य शाळांना भेदभाव न करता सर्वसमावेशक शिक्षण देण्याचं बंधन घालतं. शाळेला पत्र लिहिताना त्या कलमाचा क्रमांक घाला.